बालधोरणाचे नेतृत्व करणाऱ्या माननीयांस अनावृत पत्र

प्रति,
बालकांचे आरोग्य व संरक्षण यांविषयीच्या शासकीय धोरणाचे नेतृत्व करणारे माननीय
(विभाग, मजला व दालन क्रमांक पत्र पोहोचल्यावर कळवावेत)

विषय : रायपूर शहरातील भनपुरी येथील बालक नेमके कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे, याबाबत.
संदर्भ : राष्ट्रीय बालधोरण, 1974, राष्ट्रीय बालधोरण, 2013, तसेच त्यांच्या दरम्यान व नंतर निघालेली सर्व परिपत्रके.

महोदय / महोदया,

बालकांचे आरोग्य आणि बालसंरक्षण, म्हणजे हिंसा, लैंगिक अत्याचार, शोषण व दुर्लक्ष यांपासून बालकांचे रक्षण, या दोन्ही विषयांतील शासकीय धोरणाचे नेतृत्व आपण करीत असल्याचे विविध अहवालांच्या प्रस्तावनांवरून कळते, त्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन करण्यात येत आहे. हे पद मोठ्या भाग्याचे आहे, कारण धोरण यशस्वी झाले तर श्रेय आपोआप वर चढते आणि फसले तर ठपका जिना उतरत उतरत थेट अंगणवाडी सेविकेच्या सतरंजीपर्यंत येऊन थांबतो. हे पत्र खुले ठेवण्याचे कारण इतकेच की, ते बंद पाकिटात घालायचे तर पाकिटावर कोणाचे नाव लिहावे, हे अनेक संकेतस्थळे व कार्यालयीन फलक तपासूनही ठरवता आले नाही.

भनपुरी हा रायपूरच्या उत्तरेकडचा, बिलासपूर रस्त्यावरचा औद्योगिक भाग असून लाकडाच्या वखारी, सॉ मिल आणि लहान कारखाने यांच्या आधाराने तेथील मजूरवस्ती उभी आहे, आणि त्याच बाजूला उरला व सिलतरा येथील स्पंज आयर्नचे, म्हणजे लोहखनिजापासून कोळशाच्या साह्याने कच्चे लोखंड बनवण्याचे, कारखाने आहेत. 31 ऑक्टोबर 1956 पर्यंत रायपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे भनपुरीच्या बालकाची कैफियत मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. शिवाय पुढे दिसेल त्याप्रमाणे, बालकांना वाऱ्यावर सोडण्याच्या बाबतीत हे ऐक्य आजही अबाधित आहे.

या वस्तीतील तीन वर्षांचे कोणतेही बालक घेतले, तर त्याची प्रशासकीय वाटणी भावकीतल्या जमिनीपेक्षाही बारकाईने झालेली आढळते. त्याचे वजन महिला व बालविकास विभागाकडे, लस आरोग्य विभागाकडे, त्याला पाजल्या जाणाऱ्या औषधाची शुद्धता औषध प्रशासनाकडे, आईबापांच्या कामाचे तास कामगार विभागाकडे, नळ व गटार महानगरपालिकेकडे, हवेतील काजळी प्रदूषण मंडळाकडे, आणि त्याच्यावर अत्याचार झालाच तर त्याची फिर्याद गृह विभागाकडे. सहा वर्षे पूर्ण होताच ते शिक्षण विभागाकडे वर्ग होते. प्रत्येक तुकड्याला पालक मिळाला, पण अख्खे बालक मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

या वाटणीतून कोणते गणित निघते, हे पाळणाघराच्या उदाहरणावरून कळते. 1948 च्या कारखाने कायद्याने 30 हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले, म्हणजे एकतिसावी स्त्री कामावर येईपर्यंत आधीच्या तीस जणींची मुले कायद्याच्या नजरेस पडत नव्हती, आणि पुरुषालाही मूल असू शकते ही शक्यता तर विचारातच घेतलेली नव्हती. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने स्त्री-पुरुष भेद काढून एकूण 50 हून अधिक कामगारांची अट घातली, ही सुधारणा खरीच. परंतु एखाद्या वखारीत किंवा छोट्या सॉ मिलमध्ये एवढे कामगार असतातच कुठे? अंगणवाडी दुपारी बंद होते आणि कारखान्याची पाळी संध्याकाळी सुटते, या मधल्या तासांसाठी अद्याप कोणताही विभाग स्थापन झालेला नाही.

कुपोषणाच्या मोजमापात मात्र शासनाने कसूर ठेवलेली नाही. अंगणवाडीत दंडघेर मोजण्याची रंगीत पट्टी असते. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती डाव्या दंडाभोवती गुंडाळायची, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टीवर लाल रंग दिसला, तर ते बालक तीव्र कुपोषित, म्हणजे कार्यालयीन भाषेत ‘सॅम’, ठरते. अशा बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात सुमारे दोन आठवडे ठेवायचे आणि आईनेही तेथेच राहायचे, तिला बुडीत मजुरी द्यायची, अशी योजना आहे. त्या दोन आठवड्यांत घरच्या दुसऱ्या मुलाला कोणी सांभाळायचे आणि वखारीतील तिची जागा कोणी राखून ठेवायची, हा प्रश्न दुसऱ्या विभागाचा असल्यामुळे योजनेत येत नाही. ही सारी नोंद 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल अ‍ॅपवर करावी लागते, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट फोन व इंग्रजीतील अ‍ॅप यांना कंटाळून सरकारी मोबाइल परत केले. लाल रंग समजण्यासाठी इंग्रजी लागत नाही. तो वर कळवण्यासाठी मात्र लागत होते.

धोरणाची खरी उंची अंड्यावरून मोजावी. छत्तीसगडमध्ये 2019 साली शालेय मध्यान्ह भोजनात अंडे देण्याचा निर्णय झाला, त्यास काही पंथांनी विरोध केला, आणि अखेर जेथे पालकांचे एकमत होणार नाही तेथे अंडी मुलांच्या घरी पोहोचवावीत असा तोडगा निघाला. महाराष्ट्राने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून शाळांनी अंड्यांचा खर्च लोकसहभागातून भागवावा असे सुचवले. एका राज्यात अंड्याला धर्म आडवा आला, दुसऱ्यात अर्थखाते. प्रथिनांची गरज असलेल्या बालकाचे मत दोन्हीकडे मागवले गेले नाही.

घरपोच दिल्या जाणाऱ्या ‘रेडी टू ईट’ आहाराची, म्हणजे लहान बालके व गरोदर माता यांच्यासाठीच्या तयार पौष्टिक पिठाची, कथाही बोधप्रद आहे. छत्तीसगडमध्ये हे पीठ महिला बचत गट बनवीत असत. 2022 मध्ये ते काम त्यांच्याकडून काढून राज्य बीज निगमाकडे सोपवण्यात आले, आणि सरकार बदलल्यावर 2025 मध्ये काही जिल्ह्यांत ते पुन्हा बचत गटांकडे आले. दोन्ही निर्णय बालहितासाठीच घेतले गेल्याचे जाहीर झाले, यावरून बालहित किती लवचीक असते याची कल्पना यावी.

आकडेवारीच्या बाबतीत आपल्या नेतृत्वाने दाखवलेले चातुर्य विशेष नमूद करण्याजोगे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (2015-16) छत्तीसगडमधील पाच वर्षांखालील 37.6 टक्के बालके खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंचीने कमी, होती आणि पाचव्या फेरीत (2019-21) हे प्रमाण 34.6 टक्क्यांवर आले. ही घट भाषणांत आली. त्याच दोन फेऱ्यांमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, असलेल्या बालकांचे प्रमाण 41.6 टक्क्यांवरून 67.2 टक्क्यांवर गेले. ही वाढ तक्त्यातच राहिली. देशभरात असाच कल दिसल्यावर मोजणीची पद्धत सदोष असल्याचे कारण देऊन सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणीच वगळण्यात आली आणि तिच्यासाठी स्वतंत्र सर्वेक्षण योजण्यात आले. बोटाच्या थेंबावरून केलेल्या चाचणीविषयीचा शास्त्रीय आक्षेप गैर नव्हे. पण जी पद्धत आकडा बरा असताना चालत होती, ती आकडा बिघडल्यावर चालेनाशी झाली, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.

बालसंरक्षणात तर कायदा, समिती, पेटी आणि दूरध्वनी अशी चौपदरी तटबंदी आहे. 14 नोव्हेंबर 2012 रोजी, बालदिनाचा मुहूर्त साधून, पॉक्सो कायदा, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, लागू झाला, आणि दोनच महिन्यांत छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातील झलियामारी येथील शासकीय कन्या आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेले अत्याचार उघडकीस आले. या कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. महाराष्ट्राने मार्च 2022 मध्ये शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या स्थापण्याचा शासन निर्णय काढला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचार उघड झाले, गुन्हा नोंदवण्यास झालेल्या विलंबाने संतापलेल्या नागरिकांनी 20 ऑगस्ट रोजी रेल्वेमार्ग रोखला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्यानंतर त्या समित्या खरोखर अस्तित्वात आहेत का याची विचारणा सुरू झाली. वरातीमागून घोडे येते हे सर्वश्रुत आहे. येथे वरात संपल्यावर घोडा खरेदी केला होता की नाही, हे तपासण्यात आले. मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक 1996 मध्ये मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून जन्मला, स्वयंसेवी संस्थांनी तो देशभर नेला आणि 2023 पासून तो शासनाने आपल्याकडे घेऊन 112 या आपत्कालीन सेवेशी जोडला. आता त्याचेही नेतृत्व आपल्याकडेच असावे, असा अंदाज आहे.

औषधाची बाटली तर राज्यांच्या सीमा ओलांडते, मग जबाबदारी का ओलांडू नये, असा भाबडा प्रश्न 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडला होता. तामिळनाडूत तयार झालेले खोकल्याचे ‘कोल्ड्रिफ’ हे औषध मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विकले गेले, ते प्यायलेल्या बालकांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांपैकी अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. बळींची संख्या वीसच्या वर गेली. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेने त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक द्रावक 48.6 टक्के आढळल्याचे जाहीर केले, तेव्हा संबंधित राज्यांनी परस्परांकडे बोट दाखवण्याचे काम तत्परतेने केले. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने भेसळ झालेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले होते, न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली होती आणि आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते. त्यानंतरच्या सुमारे चाळीस वर्षांत विष तेच राहिले. बदल एवढाच की पायउतार होण्याची प्रथा मागे पडली.

धोरणे यशस्वी होतच नाहीत, असा या पत्राचा दावा नाही. उलट ती कशाने यशस्वी होतात याचे पुरावे आपल्या हाताशी आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतील स्त्रियांना नवजात अर्भकांच्या घरगुती काळजीचे प्रशिक्षण दिले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेजारच्या छत्तीसगडने 2002 पासून पाड्यापाड्यावर ‘मितानिन’, म्हणजे तिथल्याच वस्तीने निवडलेली आरोग्यसेविका, नेमली, आणि देशाची ‘आशा’ योजना तिच्यामागून 2005 साली आली. त्याच वर्षी महाराष्ट्राने औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापले, त्याच्या प्रमुखपदी व्ही. रमणी हा एक उत्तरदायी अधिकारी बसवला आणि दोन वर्षांखालील बालकांवर लक्ष एकवटले. त्या वयोगटातील खुजेपणा 2005-06 मधील 39 टक्क्यांवरून 2012 मध्ये सुमारे 23 टक्क्यांवर आल्याचे सर्वेक्षणात दिसले. पुढे त्या एकाग्रतेची जागा अनेक योजनांनी घेतली, आणि महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांमधील खुजेपणा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या व पाचव्या फेऱ्यांदरम्यान 34.4 वरून 35.2 टक्क्यांवर गेला.

या सर्व उदाहरणांत समान धागा एकच आहे : बालकाच्या दारापर्यंत जाणारी एक प्रशिक्षित स्त्री, आणि वर तिला पाठबळ देणारा, नावानिशी ओळखता येणारा एक जबाबदार माणूस. पहिली व्यक्ती भनपुरीसह सगळीकडे आहे, जरी शासन तिला कर्मचारी न मानता ‘मानसेवी’ म्हणते आणि वेतनाऐवजी मानधन देते. दुसरी व्यक्ती मात्र सापडत नाही.

सबब विनंती अशी की, प्रत्येक जिल्ह्यात बालकांसंबंधीच्या सर्व विभागांचा निधी व आदेश ज्याच्या सहीने चालेल असा एकच अधिकारी नेमावा, त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवावा, मजूरवस्त्यांतील अंगणवाड्यांची वेळ कारखान्याच्या पाळीशी जुळवावी, आणि प्रत्येक बालमृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर करावा. हे पत्र ज्यांच्या टेबलावर येईल त्यांनी ते ‘योग्य कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून दुसऱ्या विभागाकडे रवाना करू नये. ज्यांनी ते उघडले, तेच यापुढे या बालकाला उत्तरदायी आहेत, असे समजण्यात येईल.

कळावे,
भनपुरीतील पालकवर्गाच्या वतीने