मुक्काम प्लोव्हदिव

ज्या गृहस्थास कचेरीचा जाच असह्य झालेला आहे, परंतु कचेरीकडून दरमहा येणारे वेतन मात्र सर्वथैव सह्य वाटते, त्याच्यासाठी विद्यमान युगाने एक मध्यममार्ग काढून ठेविला आहे: कचेरी सोडावयाची नाही, ती पाठीवरील पिशवीत घालून परमुलखात न्यावयाची. अशा इसमास हल्ली ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. जुन्या दफ्तरात त्याची नोंद ‘कायम फिरतीवर, विनाभत्ता’ अशी झाली असती. या वर्गातील होतकरू उमेदवारांनी बल्गेरियातील प्लोव्हदिव या शहरी मुक्काम कसा करावा, याविषयी काही सूचना येथे करण्याचे योजिले आहे.

शहराची निवड सकारण आहे. पॅरिसमध्ये राहून दारिद्र्य भोगणे कोणासही साधते. परंतु अलेक्झांडरच्या पित्याने, म्हणजे मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने, ख्रिस्तपूर्व 342 मध्ये जिंकून ज्यास आपले नाव दिले, रोमनांनी ज्यास तीन टेकड्यांवरून ट्रिमॉन्टियम म्हटले आणि तुर्की अमदानीत जे फिलिबे झाले, अशा पुरातन नगरीत, भर मध्यवस्तीत, बेताच्या खर्चात राहता यावे, हा योग विरळा. शिवाय बेलग्रेडकडून कॉन्स्टँटिनोपलकडे जाणारा रोमनांचा लष्करी रस्ता येथूनच जात असल्यामुळे शहरास परक्यांची सवय आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास गॉथ आले, 1189 मध्ये बार्बारोसाचे क्रूसेडर आले. त्यांच्या मानाने लॅपटॉप घेऊन येणारा कारकून निरुपद्रवीच म्हणावा, कारण तो निदान भाडे देतो. (स्वस्ताईचा हा सिद्धांत डॉलरात किंवा पौंडात वेतन घेणारांपुरताच खरा आहे. ज्याचे वेतन रुपयांत होते, त्याने प्लोव्हदिवपेक्षा सातारा पाहावा.)

प्रथम परवान्याची बाब. बल्गेरिया 1 जानेवारी 2025 पासून शेंगेन व्यवस्थेत पूर्णपणे सामील झाल्यामुळे भारतीय पारपत्रधारकास अल्प मुदतीच्या परवान्यावर कोणत्याही 180 दिवसांच्या काळात 90 दिवसच राहता येते, आणि हे 90 दिवस त्या समग्र मुलखाचे मिळून असतात. म्हणजे रोममध्ये घालविलेला आठवडा प्लोव्हदिवच्या खाती नावे पडतो. सहल कोठे संपते आणि नोकरी कोठे सुरू होते, हा कायद्याचा नाजूक प्रश्न वकिलास विचारावा, कॉफीच्या दुकानात शेजारी बसलेल्या दुसऱ्या नोमॅडास विचारू नये. त्याचे उत्तर नेहमीच उत्साहवर्धक असते. आणि दीर्घ मुदतीचा परवाना मिळवून कोणी वर्षात 183 दिवसांहून अधिक राहिलाच, तर बल्गेरियन सरकार त्यास आपला करदाता समजून सरसकट दहा टक्के प्राप्तिकर मागू शकते, हेही ध्यानी असावे.

घर घेताना जुन्या नगरभागाच्या मोहात पडू नये. एकोणिसाव्या शतकातील सधन व्यापाऱ्यांनी बांधलेली, वरचा मजला रस्त्यावर ओठंगलेला असलेली ती रंगीत घरे नयनरम्य खरीच. 1833 मध्ये फ्रेंच कवी लामार्तीन त्यांतीलच एका घरात काही दिवस उतरला होता. पण लामार्तीनच्या सामानास चाके नव्हती. तेथील चढणीच्या गल्ल्यांत बसविलेल्या मोठमोठ्या गोलसर दगडांवरून चाकांची बॅग ओढीत नेणे म्हणजे स्वतःच्या आगमनाची दवंडी स्वतःच पिटणे होय. या शहराच्या सात टेकड्यांपैकी मार्कोव्हो तेपे ही एक टेकडी तर फरसबंदीच्या दगडांसाठी फोडून फोडून संपलीच, आणि तिच्या जागी आता एक मॉल उभा आहे. सुज्ञाने साम्यवादी काळातील काँक्रीटच्या चाळवजा इमारतींत खोली घ्यावी आणि जुन्या नगरभागाचा उपयोग केवळ छायाचित्रांसाठी करावा.

आता मान हलविण्याविषयी, कारण परवान्याच्या खालोखाल अनर्थ याच बाबतीत होतात. बल्गेरियात मान वरखाली केली असता नकार आणि आडवी हलविली असता होकार समजतात. आपल्याकडील मान डोलविण्याची जी रीत आहे, जिच्यात होकार, नकार, ‘पाहू’ आणि ‘तुम्ही म्हणता तर म्हणू बापडे’ हे सर्व भाव एकाच झोक्यात सामावतात, ती तेथे बहुधा निखळ संमती म्हणून गणली जाईल; सबब घरमालकीणबाईंनी भाडेवाढीचा विषय काढताच मान ताठ धरावी. त्यातही परदेशी माणूस ओळखून काही सुजाण नागरिक मुद्दाम आपली रीत उलटी करितात, आणि त्यामुळे समोरच्याने आपला नकार दिला की आपल्या सोयीचा होकार दिला, हे ब्रह्मदेवासही उमगत नाही. ‘दा’ म्हणजे होय आणि ‘ने’ म्हणजे नाही, एवढ्यावरच भिस्त ठेवावी.

कामाच्या वेळेचा प्रश्न साहेब कोणत्या खंडात बसतो यावर अवलंबून आहे. पुण्याची कचेरी सकाळी दहास उघडते, तेव्हा प्लोव्हदिवमध्ये हिवाळ्यात साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे उमेदवाराने अंधारात उठून, वरच्या अंगास सदरा व खालच्या अंगास रजई अशा उभयचर वेशात, पडद्यासमोर हजर व्हावे. न्यूयॉर्कचा साहेब असल्यास दिवस मोकळा मिळतो, परंतु कचेरी मध्यरात्री सुटते. कोणत्याही परिस्थितीत मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलण्यास विसरू नये. हिंदुस्थानातील घड्याळ बदलत नसल्याने तेथील साहेब या सबबीवर विश्वास ठेवीत नाही.

काम आटोपल्यावर खरी परीक्षा सुरू होते. प्लोव्हदिवकरांस निवांत बसण्याची एक कला अवगत आहे, तिला ते ‘आयल्याक’ म्हणतात. मुख्य पादचारी रस्त्यावर, ज्याच्या पोटात सुमारे तीस हजार प्रेक्षकांचे रोमन क्रीडांगण गाडलेले आहे आणि ज्याचे एक अर्धवर्तुळाकार टोक जुमाया मशिदीसमोर उघडे करून ठेविले आहे, तेथे एकाच कॉफीवर सारी संध्याकाळ काढणारे सद्‌गृहस्थ दिसतात. त्यांस कशाची घाई नाही आणि घाई नसल्याचे छायाचित्र काढण्याचीही हौस नाही. नोमॅड मात्र खुर्चीवर टेकण्यापूर्वीच वाय-फायचा परवलीचा शब्द विचारतो, आणि आपण किती स्वस्थ जगत आहोत याचा वृत्तांत दूरदेशीच्या मित्रांस तातडीने धाडतो. या कलेत प्रगती करू इच्छिणाराने प्रथम ताकासारखे आयरान व चीज भरलेली गरम बानित्सा मागवावी, यंत्र पिशवीतच राहू द्यावे, आणि शेजारच्या टेबलावरील म्हातारे गृहस्थ उठेपर्यंत उठू नये. ते लवकर उठत नाहीत.

शेवटची सूचना भाड्याविषयीची, आणि ती अक्षरशः पाळण्याची. पश्चिम युरोपच्या मानाने ते क्षुल्लक वाटते म्हणून मालकाने उच्चारलेला पहिलाच आकडा औदार्याने मान्य करण्याचा मोह प्रत्येक नोमॅडास होतो; परंतु तो आकडा तेथेच थांबत नाही, तो त्या आळीचा दर होऊन बसतो, आणि पुढील खेपेस त्याच दाराशी एखादी शाळेतील शिक्षिका उभी असते, जिचा पगार लंडनच्या चलनात ठरत नाही. तरी घासाघीस अवश्य करावी, मंडईत भाजीवाल्याशी करितो तशी, निर्लज्जपणे आणि चिकाटीने करावी.