न्हाणीची कडी आणि मासवडी

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात भिंतीला तडा गेला म्हणून कोणी गवंडी बोलावत नाही. तडा पावसाळ्यात जातो, दिवाळीपर्यंत लांबतो, संक्रांतीला त्यात पाल राहायला येते. घरातले आबा त्याच्याकडे बघून "बघू" म्हणतात आणि मळ्यात निघून जातात. मग एक दिवस देवळाच्या पारावर यात्रा कमिटीची बैठक बसते, वर्गणीची पट्टी ठरते, आणि त्याच संध्याकाळी आजी तड्यावर बोट ठेवून विचारतात, "पावनं आल्यावर ह्याच्यावर काय क्यालिंडर लावायचं का?"

क्यालिंडर तिथं आधीपासूनच होतं. ते काढलं म्हणून तर तडा दिसला.

हे घर कोणाचंही समजावं. ओतूरपासून मंचरपर्यंत कुठल्याही वेशीतून आत शिरलं की ते उजव्या हाताला लागतं. गुढीपाडवा झाला की या दोन्ही तालुक्यांत गावोगावच्या यात्रांचा हंगाम सुरू होतो. नारायणगावात तमाशाचे फडमालक राहुट्या टाकून बसतात आणि गावांच्या कमिट्या तिथं सुपारी द्यायला येतात. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळे. गावची कमिटी तमाशा ठरवायला गेली की घरची कमिटी रंग ठरवायला बसते. तमाशा एका बैठकीत ठरतो. रंगाचं तसं नसतं.

पूर्वी हे काम सुटसुटीत होतं. चुना भिजवायचा, त्यात नखभर नीळ टाकायची, कुंचा फिरवायचा, खाली जमीन शेणानं सारवायची. दिवसभरात घर उजळायचं आणि पुढचे दोन दिवस कोण कुठल्या भिंतीला टेकून बसला होता, हे त्याच्या पाठीवरून कळायचं. आता दुकानातून शेडकार्ड येतं. नातू फोनवर मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांचे फोटो दाखवतो, सुनेला एकच भिंत गडद हवी असते, आबांना पांढरा हवा असतो. तडजोड म्हणून पिस्ता रंग निघतो. तो कोणालाच आवडलेला नसतो, त्यामुळे भांडणही राहत नाही.

खरी मजा पेंटर आल्यावर सुरू होते. तो भिंतीवर टिचकी मारतो आणि म्हणतो, "आधी पुट्टी लागंल." पुट्टीवाला म्हणतो, "पुट्टी धरायची न्हाई, भिंत ओली हाय." गवंडी येतो, वर बघतो आणि सांगतो, "ओल पत्र्यातनं उतरतीया." पत्रेवाला वर चढून खाली येतो तो थेट अँगलचं माप घेऊनच. रविवारी भिंतीला हात मारायला निघालेले आबा गुरुवारी पत्र्याच्या दुकानात उभे असतात. शेडकार्ड अजून खिशातच असतं. एवढ्यात कोणीतरी सुचवतं, की पत्रा होतोच आहे तर ओट्याला 'स्टाईल' बसवून घ्या. टाइल्सला इकडे स्टाईल म्हणतात, आणि ओट्यावर ती बसली की घराच्या चालण्याबोलण्यात खरोखरच फरक पडतो. निदान चपला बाहेर काढायला लागतात.

या सगळ्या धुमाळीत एका वस्तूला कोणाचाही हात लागत नाही: न्हाणीच्या दाराची आतली कडी. ती मागच्या यात्रेत निखळली. पन्नासेक रुपयांची वस्तू. पत्र्यासाठी घरात बैठक बसते, कर्ज निघतं, भाऊबंद सल्ला देतात. कडीसाठी बैठक कोण बोलावणार? तोवर नियम एकच: आत असेल त्यानं गात राहायचं. ज्याला गाता येत नाही त्यानं तांब्या वाजवायचा.

पाहुण्यांसाठी बांधकाम काढायची खोड या मुलखाला फार जुनी आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांची दोनशेहून जास्त दालनं खोदलेली आहेत आणि त्यांतल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत तीन 'यवन'ही सापडतात. इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्यानं संघाला भोजनमंडप दिला, चंद नावाच्यानं दर्शनी दाराचं काम करून दिलं. म्हणजे टाकी, जेवायची जागा आणि पुढचं दार! आजही यात्रेआधी घराघरांत पैसा जातो तो याच तीन ठिकाणी. यवनांची कामं मात्र पूर्ण झाली आणि अजून टिकून आहेत. कडीचा उल्लेख त्या लेखांतही नाही.

खर्चाचा फलक लावायची रीतसुद्धा इथलीच म्हणावी लागेल. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञ कोणते केले आणि दक्षिणेत गाई, घोडे, हत्ती, कार्षापण किती दिले, याचा तपशील कातळात कोरलेला आहे. यात्रा कमिटी तोच प्रकार देवळाच्या भिंतीवर करते. हत्तींच्या जागी मांडव, दारूकाम आणि बेंजो येतात. तळाला शिल्लक रकमेचा आकडा असतो आणि त्यावरून पुढच्या पाडव्यापर्यंत पारावर चर्चा पुरते.

न्हाणी-संडासाला या दोन तालुक्यांत जरा जास्तच वजन आहे. धरणांचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, उसात बिबट्या राहायला आला. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावं लागलं. बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, त्यामुळे अंधार पडल्यावर पाहुण्याला परसात पाठवायचा विषयच निघत नाही. जे काही असेल ते घरात. आणि मग यात्रेच्या दिवशी पहाटे पाचाला चौदा माणसं रांगेत, एक न्हाणी, आतून भूपाळीपासून लावणीपर्यंत सगळे सूर. रांगेतले आवाजावरून ओळखतात, की आत जावई आहेत आणि ते अजून पहिल्याच कडव्यावर आहेत.

रांगेत सगळ्यात अस्वस्थ असतात ते मुंबईचे नाना. नाना डबेवाले. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच बाजूचे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी आणि डोंगरापलीकडचे अकोले-संगमनेर. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली ही डबेपोच एप्रिलच्या सुमारास पाच-सहा दिवस बंद राहते, कारण पोचवणारे गावच्या यात्रेला गेलेले असतात. त्या आठवड्यात मुंबईचे साहेबलोक कँटीनमध्ये जेवतात आणि नाना गावी आजीपुढे मांडी घालून बसतात. २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स डबेवाल्यांना भेटायला आले, तेही डब्यांच्या वेळा सांभाळून. आजी कोणाची वेळ सांभाळत नाहीत. "आरं गप बस एका जागी. ताट येतंय."

ताट कुठल्या मार्गानं येतंय, हे बघितल्याशिवाय नानांना चैन पडत नाही. चुलीपासून मांडवापर्यंत प्रत्येक पोरगं एकेक ताट घेऊन धावतंय, वाटेत कुत्रं आडवं येतंय, रस्सा सांडतोय. नाना उठतात, तीन पोरांना ठरावीक अंतरावर उभं करतात आणि ताट हातोहात पुढं सरकवायला लावतात. मुंबईत एकच डबा असाच चार-पाच हातांतून जागेवर पोचतो. पंगत अर्ध्या वेळात उठते. आबा खूश होऊन म्हणतात, "तू हितंच ऱ्हा." नानांच्या पोटात अजून काही गेलेलं नसतं.

आता जेवणाचं. यंदा स्वयंपाक सोपाच ठेवायचा, असा ठराव दरवर्षी एकमतानं मंजूर होतो. चाकणच्या सूनबाई पुलाव सुचवतात. धाकटी जाऊ पावभाजी म्हणते, कारण बटाटा मंचरच्या बाजारचा आणि टोमॅटो नारायणगावचा, दोन्ही हाताशी. आजी सगळं शांतपणे ऐकून घेतात. "व्हय, सोपंच करू. मासवड्या करू."

मासवडीत मासा नसतो. या मुलखानं मासा फक्त आकारानं घेतला, तोही तिकोनी. ही सोपी पाककृती अशी. तीळ, सुकं खोबरं, खसखस वेगवेगळं भाजायचं, त्यात तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर आणि मसाला घालून सारण कुटायचं. मसाला डंकावरून कुटून आणलेला हवा, म्हणजे त्याआधी मिरच्या वाळवणं आलं. मग लसूण-मिरचीच्या फोडणीत पाणी उकळून त्यात बेसन घोटायचं. घोटायला खांदा लागतो. आबांनी तरुणपणी तालमीत काढलेली वर्षं इथं उपयोगी पडतात, पण त्यांना त्या वेळी नेमकं कमिटीचं बोलावणं येतं. गोळा झाला की तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर ओल्या हातानं थापायचा, सारण पसरायचं, फडक्यासकट गुंडाळी करायची आणि कडा दाबून तिला माशाचा आकार द्यायचा. गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, नाहीतर सारण बाहेर येतं आणि सूनबाईंची इज्जतही. सोबत भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी.

खरंच काही सोपं करायचं असेल, तर सूनबाईंनी दोन यात्रांच्या अनुभवातून शोधलेली युक्ती अशी: सारण कोरडं असतं, ते दोन दिवस आधी करून डब्यात भरावं, रस्स्याचं वाटणही आदल्या रात्री वाटून ठेवावं. यात्रेच्या सकाळी उरतं ते बेसन घोटणं. शेजारी कांदा, लिंबू, टोमॅटोची कोशिंबीर आणि तळलेली कुरडई. कुरडई तळायला अर्धा मिनिट लागतो. करायला गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा आणि गच्चीवर कावळे राखत वाळवायचा. पाहुणा ती एका घासात मोडतो आणि म्हणतो, "हे बरंय, झटपट होतं."

मासवडी करायचं कारण माळकरी. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची. अशा मुलखात घरटी एक तरी तुळशीची माळ असतेच. पुष्कळ गावांत यात्रेच्या पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी मटण असतं. माळकऱ्यांची पंचाईत नको, म्हणून त्यांच्यासाठी मोजून चाळीस वड्या बाजूला ठेवल्या जातात. मग मटण खाणारे "चवीपुरती एक द्या" म्हणत येतात. दुपारी दोनला माळकरी हात-पाय धुऊन पानावर बसतात, तेव्हा त्यांना दहीभात आणि मनःपूर्वक नमस्कार मिळतो.

खरोखरीचा सोपा पाहुणचार बघायचा असेल, तर जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला आणे गाव आहे. रंगदास स्वामींच्या यात्रेत तिथं आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकऱ्या घराघरांतून येतात. पदार्थ दोनच, त्यामुळे "आणखी काय आहे?" असं कोणी विचारत नाही. आजींनी हे स्वतः जाऊन बघितलं आहे. परतल्यावर त्या म्हणाल्या, "लई झ्याक. पण आपल्या घरी असं बरं दिसतंय व्हय?"

गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे बैलगाड्याला जातात. इथं शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात, गाड्याच्या एका धावेला बारी, आणि बारी सुटली की भोंग्यावरून "भिर्रर्र" अशी आरोळी उठते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांचा हिशोब गाडामालक एका तऱ्हेनं करतात, घरातल्या बाया दुसऱ्या. बंदीच्या काळात पाहुणे घाटात जायचे बंद झाले आणि दोन्ही दिवस ओट्यावर लोळायला लागले. लोळता लोळता त्यांना भिंती दिसायला लागल्या. "हितं ओल हाय का रं?" हा प्रश्न या घरात पहिल्यांदा विचारला गेला तो त्याच काळात. आता पुन्हा बारी सुटते, घर दुपारपर्यंत रिकामं होतं आणि पिस्ता रंगाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

या यात्रेलाही बघितलं नाही. पत्रा, पुट्टी, स्टाईल, पिस्ता; एकाही पाहुण्यानं शब्द काढला नाही. जाता जाता जावई एवढंच म्हणाले, "मामा, न्हाणीची तेवढी कडी बघा." आबा म्हणाले, "बघू."

नाना सगळ्यात शेवटी निघाले. गाडीला वेळ होता, म्हणून परसात गेले, डाळिंबाच्या कुंपणाची वीतभर तार तोडून आणली आणि दाराच्या भोकातून ओवून चौकटीच्या खिळ्याला अडकेल असा आकडा करून दिला. आत जाऊन, न गाता, दोन मिनिटं उभे राहून त्यांनी तो तपासला. मग आजींनी बांधून दिलेल्या कुरडया काखेत मारून आळेफाट्याची गाडी धरली.

पुढच्या वर्षी पाडव्यानंतर पेंटर पुन्हा आला. यंदा मोतिया रंग ठरला होता. त्यानं न्हाणीचं दार रंगवलं, चौकट रंगवली, खिळा रंगवला आणि हात वळणावर होताच, म्हणून तारही रंगवून टाकली.