चूर्ण एक, चुली दोन

गडचांदूरच्या बाजारात गोणपाटावर हिरडा, बेहडा, सफेद मुसळी मांडून बसलेला म्हातारा ‘शुगर मुळापासून जाते’ अशी हाळी देतो. बिचाऱ्याला ठाऊक नाही, की १९५४ च्या जादुई उपचारांच्या कायद्यात तोंडी हाळी हीसुद्धा जाहिरातच; अगदी धुरातून केलेलीही. (धुराचं आम्हा सिमेंटच्या गावातल्यांना काय सांगता!) मनाई केलेल्या यादीत मधुमेह आहे, लठ्ठपणा आहे, माणसाची उंचीही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद.

तीच मुसळी हिरव्या डबीत बसून दुकानात आली की तिचा थाट बघा. औषध म्हटलं तर आयुर्वेदिक औषधाचा परवाना. पूरक आहार म्हटलं तर अन्नसुरक्षेचा १४ आकडी क्रमांक, आणि बारीक अक्षरांत कबुली: औषधी वापरासाठी नाही. मग कशासाठी? ते डबीवरचा पिळदार दंडाचा पैलवान सांगतो.

आयुर्वेदिक जाहिरातींना आधी मंजुरी हवी, असा १७० क्रमांकाचा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानेच राज्यांना कळवलं, त्याखाली कारवाई नको. जुलै २०२४ मध्ये नियमच वगळला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघालं, स्थगिती उठली, नियम गेला. काढासुद्धा इतका आटवत नाहीत हो.

१९५४ चा कायदा मात्र जागेवर आहे. म्हाताऱ्याने तेवढी हाळी जपून द्यावी.