फिल्टर बदलण्याचं परमिट

तारापूरचा किल्ला पाहिला. चालत्या गाडीतून, डाव्या की उजव्या हाताला तेही आता आठवत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून कसा घेतला ते मला सांगायचं होतं, पण गाडीत कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं. उघडलं की वास आत जायचा.

वास एसीतून येत होता. सौ.चं म्हणणं, माझ्या मोज्यांचा. आमच्या घरात वास, गळती, खडखडाट अशा कुठल्याही गोष्टीचा तपास माझ्यापासून सुरू होतो आणि सहसा पुढे सरकत नाही. मनोरला मी मोजे काढले. चिल्हार फाट्याला बूटही डिकीत गेले. बोईसरच्या एमआयडीसीत मात्र बाहेरच्या वासानं आतला वास गिळून टाकला आणि मी तात्पुरता जामिनावर सुटलो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत याच तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण पडले होते. देशात पहिला नंबर. सौ.च्या माहेरी एवढे गुण अजून कुणीच मिळवलेले नाहीत.

माहेर चिंचणीला. सासऱ्यांनी दार उघडलं, गाडीत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि पाणी विचारायच्या आधी विचारलं, “केबिन फिल्टर कधी बदललात?”

नवा फिल्टर डिकीतच होता. सर्व्हिस सेंटरवाले बसवायचे वेगळे पैसे लावतात, आणि काम काय, तर डॅशबोर्डचा कप्पा उतरवायचा, जुना ओढायचा, नवा सरकवायचा. “पाच मिनिटांचं काम आहे,” मी म्हणालो.

“उद्या सकाळी करू,” सासरे म्हणाले. “आधी परमिट.”

सासऱ्यांची नोकरी तारापूरच्या अणुवीज केंद्रात झाली, मेंटेनन्सला. १९६९ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. अशा ठिकाणी हवेचा फिल्टर म्हणजे हेपा, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. तो बदलायला जायचं तर हातात परमिट, अंगात कव्हरऑल, छातीवर डोस मोजणारा बॅज. त्या माणसासमोर ‘पाच मिनिटं’ म्हणणं म्हणजे त्याच्या पेन्शनचा अपमान.

सकाळी चिकूच्या झाडाखाली गाडी लागली. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर परमिट तयार होतं. कामाचं ठिकाण: अंगण. काम करणार: जावई. देखरेख: स्वतः. गाडीची चावी सासऱ्यांच्या खिशात, माझ्या तोंडाला मास्क, हातात सासूबाईंचे मोरी घासायचे गुलाबी रबरी हातमोजे. मेहुणा मोबाइलवर व्हिडिओ लावून बसला. त्यातली गाडी वेगळी होती, पण आत्मविश्वास तोच.

कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो अडकणीतून सुटून खाली लोंबतो. तसा तो लोंबला आणि पोटातलं सगळं माझ्या मांडीवर आलं: फास्टॅगच्या आधीच्या काळातल्या खानिवडे टोलनाक्याच्या पावत्या, वसईच्या सुकेळीचं दगड झालेलं पुडकं, एक अनाथ चाव्यांचा जुडगा. सासरे एकेक वस्तू वहीत उतरवत होते. “पीयूसी,” ते मोठ्यानं म्हणाले, “मुदत संपलेली.” गल्लीतल्या तीन घरांनी ऐकलं.

कप्प्यामागे फिल्टरचं झाकण. त्याची क्लिप हलेना.

“भावोजी, ओढा!” मेहुणा.

“ओढू नका!” सासरे.

माझं डोकं डॅशबोर्डखाली, पाय चिकूच्या पाल्यात. शेजारचे काका काही न बोलता येऊन उभे राहिले. चिंचणीत दागिन्यांचे डाय करणारे पुष्कळ, काकाही त्यातलेच. पोलादात केसाएवढी नक्षी नजरेनं कोरणारा हात. त्यांनी खिशातून बारीक हत्यार काढलं, क्लिपला लावलं, टक. परत निघूनही गेले. परमिटवर नाव नसलेल्या माणसानं काम केलं म्हणून सासरे बराच वेळ नाराज होते.

फिल्टर बाहेर आला. पांढरा असतो म्हणतात. महामार्गाच्या काँक्रीटची धूळ, सुरूच्या काड्या, आणि मधोमध उंदराचं घरटं: कुरतडलेलं वर्तमानपत्र, कापूस, त्यावर सुक्या बोंबलाचं एक डोकं.

“मोजे नव्हेत!” मी ओरडलो.

सौ.नं बोंबलाकडे शांतपणे पाहिलं. “सातपाटीहून सुकट आणून रात्रभर गाडीत कुणी ठेवली होती?” तपास पुन्हा सुरू झाला.

नव्या फिल्टरच्या कडेला बाण असतो, हवा कुठून कुठे जाते ते दाखवणारा. आमच्या गाडीत तो खाली तोंड करून बसवायचा, असं गाडीच्या पुस्तकात आहे. मेहुण्याच्या व्हिडिओत वर होता. त्यावर चहा झाला. सासऱ्यांनी मात्र फिल्टर उजेडात धरून वेगळंच विचारलं, “साधा की कोळशाचा?”

साधा कागद धूळ अडवतो. केमिकलचा वास त्यातून सरळ आरपार जातो. ॲक्टिव्हेटेड कोळसा, जो नारळाच्या करवंटीपासूनही करतात, तो थोडाफार वास धरून ठेवतो. माझा कोळशाचा निघाला. दुकानात साधा शिल्लक नव्हता, हे मी बोललो नाही.

“बरं झालं,” ते हळू म्हणाले. “परवा हिला डॉक्टरकडे नेणार ना तुम्ही, पुढच्या सीटवर.”

सासूबाईंना दमा आहे. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे, मतलई. बोईसरकडचं काय काय घेऊन येतो. सासरे झोपेतून उठून खिडक्या लावतात, तिचा खोकला सुरू व्हायच्या आत. अलार्म नाही, बॅज नाही. हे मला सौ.नं नंतर सांगितलं. गाडीला चारपाचशे रुपयांत फिल्टर मिळतो. गावाला लावायचा फिल्टर कारखान्यांच्या चिमणीत बसवावा लागतो आणि त्याचं परमिट कुणाच्या खिशात पडून आहे, देव जाणे.

कप्पा बसला, एसी लागला, वास गेला. सासऱ्यांनी जुना फिल्टर दोन पिशव्यांत बांधला, वर तारीख घातली आणि माझी सही घेतली. एवढ्यात कचऱ्याची गाडी आली.

“ओला की सुका?” पोरानं विचारलं.

“दूषित,” सासरे म्हणाले, आणि वही त्याच्यापुढे धरली. “इथे सही कर.”