पात्रता मुलाची, परीक्षा बापाची
ब्रिटनच्या निवासी शाळेत परदेशी मूल धाडायचे, तर इंग्रजी, गणित व तर्कबुद्धी जोखणारी यूकेआयसेट ही संगणकीय चाचणी, मुलाखत आणि सुट्टीत मुलाला सांभाळणारा तिथला नेमलेला पालक, एवढे बहुतेकदा जमवावे लागते. जानेवारी २०२५ पासून शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित करही पडतो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयामार्फत नामांकित निवासी शाळेत, म्हणजे आदिवासी मुलाचा खर्च सरकार उचलते अशा खाजगी इंग्रजी शाळेत, निघालेल्या कोलाम या आदिम जमातीच्या पोराची तर्कबुद्धी मात्र कुणी तपासत नाही. तपासले जातात जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, आणि खिडकीपुढची ती मुलाखत मजुरी बुडवून बापच देतो.