संकट आले? आधी आधण ठेवा

संकट कोसळल्यावर काय करावे, यावर धर्मग्रंथांपासून विमा कंपन्यांच्या पत्रकांपर्यंत पुष्कळ लिहून झाले आहे. ब्रिटिशांनी मात्र सगळ्यावर एकच उतारा काढला: चहा. नोकरी गेली, काडीमोड झाला, छत गळू लागले, सरकार पडले, तरी कृती तीच. ब्रिटनमध्ये नव्याने राहायला गेलेल्या मराठी माणसाला वाटते, या लोकांना प्रसंगाचे गांभीर्यच नाही. तसे नाही. हा चांगला मुरलेला विधी आहे आणि क्रम चुकला तर तो फळत नाही, म्हणून हे मार्गदर्शन. त्याचे सूत्र असे की या चहाचा गुण पत्तीत नसून त्याला लागणाऱ्या वेळात आहे. हे एकदा पटले की बाकीचे नियम ओघाने येतात.

पहिला नियम कर्त्याचा. ज्याच्यावर संकट आले, त्याने नुसते बसायचे. चहा दुसऱ्याने करायचा, कारण खरी पंचाईत त्या दुसऱ्याची असते: काय बोलावे हे सुचत नाही आणि हात कुठे ठेवावेत तेही कळत नाही. केटलचे बटण दाबले की दोन्ही प्रश्न मिटतात. दुसरा नियम, ‘घेणार का?’ असे विचारू नये. आपल्याकडे या प्रश्नाला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’ म्हणण्याची रीत आहे. दुःखी माणसात तेवढे त्राण नसते. तिसरा नियम वेळेचा. तीन किलोवॅटची केटल लिटरभर पाणी साधारण दोन मिनिटांत उकळते. पुढे पत्ती किती वेळ मुरू द्यायची, हे ब्रिटिश मानक संस्थेने 1980 मध्ये ‘बीएस 6008’ या मानकात सांगून ठेवले आहे: 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि सहा मिनिटे. हे मानक खरे तर चहाच्या चवीची तुलना करणाऱ्यांसाठी आहे आणि 1999 मध्ये त्याला साहित्याचे ‘इग नोबेल’ हे थट्टेखोर पारितोषिकही मिळाले. तरी दोन आणि सहा मिळून आठ होतात, यात थट्टा नाही. या आठ मिनिटांत कोणी राजीनामा लिहीत नाही की भावाशी जन्माचे बोलणे तोडत नाही. आपला चहा इथे कुचकामी, कारण दूध घालून उकळत ठेवल्यावर पातेल्यावरची नजर हलवता येत नाही आणि उतू गेला तर घरात दुसरे संकट. राहिली साखर. जॉर्ज ऑर्वेल यांनी 1946 मध्ये ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये चहाचे 11 नियम सांगितले आणि त्यांत साखरेला बंदी घातली. संकटात हा नियम स्थगित समजावा आणि न विचारता दोन चमचे घालावेत.

हे सारे गमतीचे वाटत असेल, तर सरकारी वागणूक तपासावी. दुसऱ्या महायुद्धात जुलै 1940 मध्ये ब्रिटनमध्ये चहाचे रेशनिंग सुरू झाले: आठवड्याला माणशी 2 औंस, म्हणजे सुमारे 57 ग्रॅम. वर सांगितलेल्या मानकाने 200 मिलिलिटरचा कप धरला तर दिवसाला जेमतेम दोन कप. पत्तीत खरोखर जादू असती, तर एवढ्या शिध्यावर त्या देशाचा धीर सुटायला हवा होता. पण त्याच वर्षी लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडू लागले, तेव्हा स्वयंसेवी स्त्रिया चहाच्या गाड्या घेऊन ढिगाऱ्यांपाशी उभ्या राहिल्या. घर गेलेल्या माणसाला त्या घर देऊ शकत नव्हत्या. हातात गरम काहीतरी देऊन, पुढे कुठे जायचे हे ठरेपर्यंत उभे राहायला जागा देत होत्या. रेशनिंग ऑक्टोबर 1952 पर्यंत टिकले. सैन्यानेही बोध घेतला: 1945 च्या सेंच्युरियनपासून ब्रिटिश रणगाड्यांत पाणी उकळण्याचे भांडे बसवलेले असते. शांततेच्या काळातला पुरावा विजेच्या मीटरवर आहे. 4 जुलै 1990 रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरले आणि ब्रिटनमधली विजेची मागणी एका झटक्यात सुमारे 2800 मेगावॅटने उसळली. त्यात दिवेही होते, पण मोठा वाटा केटलचा. अशा क्षणांसाठी वेल्समध्ये डोंगराच्या पोटात डिनॉर्विगचे जलविद्युत केंद्र आहे. वरच्या तळ्यातले पाणी सोडले की ते काही सेकंदांत पूर्ण भार उचलते. पराभव झाल्यावर ज्या राष्ट्राला आधी धरणाचे पाणी सोडावे लागते, त्याला उथळ म्हणता येत नाही.

आता आक्षेप. डॉक्टर म्हणतील, यात औषधी असे काय आहे? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहा आठवडे काळा चहा घेणाऱ्यांचा आणि तशाच चवीचे दुसरे पेय घेणाऱ्यांचा ताण मोजला गेला. ताण दोन्ही गटांना सारखाच आला. चहावाल्यांचे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, मात्र नंतर लवकर उतरले. म्हणजे चहा संकट अडवत नाही, आणि त्या क्षणी हातात आलेल्या एका कपाबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही. शिवाय प्रथमोपचाराचे आजचे शिक्षण तर उलटे सांगते: जखमी होऊन शॉकमध्ये गेलेल्याला काहीही खायला-प्यायला देऊ नये, कारण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते. ही सूचना शब्दशः पाळावी. चहा रुग्णवाहिकेला फोन करणाऱ्याला द्यावा. आमच्या सूत्राला याने धक्का लागत नाही, उलट पुष्टी मिळते: संकटातले निम्मे कप न पिताच गार होतात, तरी काम करून जातात.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आणि तो जड आहे. हाच चहा 1773 मध्ये बॉस्टनच्या बंदरात फेकला गेला आणि ब्रिटनच्या अमेरिकेतल्या वसाहती हातच्या गेल्या. त्याचीच किंमत चुकती करण्यासाठी चीनमध्ये अफू विकली गेली आणि युद्ध झाले. आसामच्या मळ्यांतले मजूर कोणत्या हालात राबले, हे सर्वश्रुत आहे. पुण्यातही 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य उठले आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. तेव्हा चहाला निष्पाप म्हणण्याचे कारण नाही. पण या प्रत्येक प्रकरणात चहावर कर, नफा किंवा धर्म लादला गेला होता. कोणाकडून काहीच नको असताना पुढे केलेला कप वेगळा. तो आपल्यालाही परका नाही. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही तेव्हा शेजारीण थर्मास घेऊन येते, तिलाही बोलायला काही सुचलेले नसते.

तिसरा आक्षेप असा की हा सगळा पळपुटेपणा आहे. आहेच, पण त्याला मुदत आहे. म्हणून शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा: दुसरा कप फक्त मृत्यू आणि महायुद्ध यांसाठी. एरवी पहिला संपला की कप विसळून पालथा घालावा आणि प्लंबरला फोन करावा. छत अजून गळतेच आहे.