आडनावाची विशेषणे

मराठीत आडनावाला ‘वाद’ जोडला की विचारसरणी तयार होते आणि ‘ई’ जोडली की लकब. मूळ मालकाची संमती घेण्याची पद्धत नाही. गांधीवाद नावाची काही चीजच नाही, असे गांधीजींनी १९३६ मध्ये सांगून पाहिले. गांधीवाद्यांनी ते मनावर घेतले नाही. २००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ने तर दादागिरीची शेपटी काढून त्यांच्याच नावाला लावली.

‘ई’ लागायला नुसती थोरवी पुरत नाही, आडनावाचा शेवट सोयीचा असावा लागतो. इथे ‘कर’ मंडळींचे फावते. आंबेडकरी चळवळ, मर्ढेकरी कविता, खांडेकरी उपमा, तेंडुलकरी नाटक: गाव कोणतेही असो, विशेषण तयार. अत्रे, फडके, गोखले, रानडे मात्र ‘ए’पाशी अडतात. अत्र्यांच्या अतिशयोक्तीला हक्काचे विशेषण नाही. फडक्यांच्या नायिकेला ‘फडकेछाप’वर भागवावे लागते, आणि छाप काय, विडीलाही असतो. सर्वांत अवघड प्रकरण राम गणेश गडकऱ्यांचे. ‘करी’ आडनावातच असल्यामुळे माणूस कुठे संपतो आणि विशेषण कुठे सुरू होते, हे कळायला मार्ग नाही. ‘गडकरी थाट’ म्हटले की एखाद्या किल्लेदाराचा जेवणाचा बेत वाटतो. ज्याने एकेका संवादात विशेषणांची रांग लावली, त्याच्या वाट्याला स्वतःचे एकही येऊ नये! त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर मात्र कोल्हटकरी कोट्यांसह सुखरूप आहेत.

प्रस्तुत लेखकाचे आडनाव कुलकर्णी. शेवटी ‘ई’ आधीच असल्याने दुसरी लागत नाही. ‘कुलकर्णीवाद’ म्हटले तर भावकीतला बांधाचा खटला वाटतो. शिवाय इतक्या कुलकर्ण्यांतला नेमका कोणता, हे अभ्यासकांना ठरवता येणार नाही, ही चिंता लेखकाला बरीच वर्षे आहे. तूर्त ‘कुलकर्णीपणा’ एवढाच शब्द रूढ असून त्याचा प्रसार एका घरापुरता आहे. अर्थ: रिक्षावाल्याकडून सुटे दोन रुपये परत येईपर्यंत फुटपाथवर उभे राहणे. शब्दाच्या जनक सौ. कुलकर्णी. त्यांचे माहेरचे आडनाव ‘कर’ने संपणारे, म्हणजे विशेषणाला अगदी तयार होते. लग्नात ते बदलले. त्यांचा हजरजबाबीपणा तेव्हापासून बिनविशेषणाचा आहे आणि लेखकाला हे सुचायला फार उशीर झाला.

बायकांच्या बाबतीत बहुधा असेच होते. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ‘शिंदेवाद’ निघाला नाही. बहिणाबाई चौधरींचे आडनाव तर अनेकांना आठवावे लागते. सावित्रीबाई आणि जोतीराव यांचे आडनाव एकच, पण ‘फुलेवाद’ म्हटले की डोळ्यांपुढे पगडीच येते.